सातदऱ्याच्या बाजारातली भवानी

सातदऱ्याच्या मंगळवारच्या बाजारात कुंभारांच्या ओळीत एक जागा रिकामीच असते. तिथे कोणी गोणपाट अंथरत नाही. काळे डाग पडलेला एक माठ तेवढा मांडलेला असतो. बाहेरगावचं कोणी तिथे थांबलं, की देवळातले गुरवनाना उसासा टाकून खाली टेकतात. सांगून सांगून त्यांचा घसा बसलाय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आधी ते शब्द समजावतात. भवानी म्हणजे दिवसातली पहिली विक्री. देवीचं नाव घेऊन पहिला पैसा कपाळाला लावायचा, म्हणून भवानी, असं इथले लोक मानतात. कोणी तिला भोवानी म्हणतं, कोणी बोहनी. "कसंबी म्हणा," नाना म्हणतात, "झाली न्हाई की जीव टांगणीला लागतो, तो समद्यांचा सारखाच."

फार पूर्वी या ओळीत सटवाजी नावाचा कुंभार बसे, असे सांगतात. त्याच्या शेजारी हौसाक्का, त्याच्याच गावची विधवा. त्या उन्हाळ्यात तिची भट्टी बिघडली. माठांवर काळे डाग पडले, आणि लागोपाठ तीन बाजार ती भवानी न होताच ओझं डोक्यावर घेऊन परत गेली. चौथ्या मंगळवारी ती बसली ती देवीला बोलूनच: आज भवानी झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही.

सटवाजीने ते ऐकलं. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण कुंभाराने कुंभाराचं मडकं विकत घेतलं तर दोघांचीही बरकत जाते, अशी त्यांच्यात पक्की समजूत. मग आपण तरी काय करणार, असं मनाशी म्हणत तो आपले लालबुंद माठ वाजवून दाखवू लागला. त्याचा माल हातोहात खपत होता.

उन्हं चढली. एका बाईने त्याच्याकडून माठ घेतला आणि दुसरा हवा म्हणून हौसाक्काच्या माठाला हात लावला.

"अवं ताई, डागाचा कशाला नेता?" सटवाजी सवयीने बोलून गेला. "माझ्याकडचाच न्या, तुमास्नी म्हणून कमी करतो."

बाई वळली आणि दुसराही त्याच्याकडूनच घेऊन गेली. हौसाक्काच्या ओठांना पापुद्रे आले होते. "सटवाजीभाऊ, तेवढं एक जाऊ द्यायचं हुतं," एवढंच ती म्हणाली.

"फुडचं गिऱ्हाईक तुझं, आक्का," तो हसून म्हणाला. पण तिच्याकडे पुढचं गिऱ्हाईक आलंच नाही.

बाजार मोडायच्या वेळेला ती आपल्याच माठांवर कलंडली. सटवाजी धावला. पाणी आणायला भांडं बघतो, तर त्याचा एकही माठ उरलेला नव्हता. तेव्हा मात्र त्याने समजूत-बिमजूत गुंडाळून ठेवली. तिच्या मुठीत पैसे कोंबले, तिचाच एक माठ उचलला आणि विहिरीवर पळाला. परत येऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"आक्का, झाली तुझी भवानी. आता पानी पी."

तिने डोळे उघडले. पाण्याकडे नाही, माठाकडे बघितलं. "गळत न्हाई न्हवं?"

"थेंबभर न्हाई, आक्का."

"मग बरं," ती म्हणाली. तिने डोळे मिटले, आणि तोंडात घातलेलं पाणी ओठांच्या कडेने नुसतंच ओघळून गेलं. तोच हा माठ. याच्यातलं पाणी भर उन्हाळ्यातही आटत नाही म्हणे.

सटवाजीला ते "फुडचं गिऱ्हाईक" जन्मभर खात राहिलं. पुढच्या बाजारापासून एक माठ खपला की तो हात जोडायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला शेजारी पाठवायचा. लोक आधी हसले. मग एकेक जण तसंच करू लागला.

आजही सातदऱ्यात ज्याची भवानी झाली तो दुसरं गिऱ्हाईक लगेच घेत नाही, आधी शेजाऱ्याला विचारतो, "तुझी झाली का?" आणि ओळीतल्या शेवटच्या माणसाची भवानी होईपर्यंत, कितीही ऊन होवो, तिथला एकही कुंभार पाणी पीत नाही.