तळहात ओळखणारी शाई

श्रोतेहो, जी पोथी तुम्ही घरी आणली आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवली, ती कोणाची? तुमची, की ज्याने ती दिली त्याची?

पुष्कळ काळ लोटला. डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात एक ग्रंथकार राहत असे. त्याची शाई अद्भुत होती. पहिल्या पानावर आधी ग्रंथकाराने, मग पोथी घेणाऱ्याने तळहात ठेवला, की शाई त्या घेणाऱ्याला ओळखे. पुढे त्याच्याच हातात अक्षरे सोन्यासारखी झळकत. इतरांच्या हातात पान कोरे. न दिलेल्या पोथ्या केवळ ग्रंथकाराचा हात ओळखत. हे पाहून लोक हात जोडीत.

खोऱ्यातल्या एका वृद्ध वैद्याने त्याच्याकडून औषधींची पोथी घेतली. काढा उकळताना ती मोठ्याने वाचण्याचा वैद्याचा नेम होता. रोग्याने औषधाबरोबर शब्दही घ्यावा, अशी त्याची श्रद्धा. त्याची सून शेजारी बसून मुळ्या कुटीत असे.

वैद्य निवर्तला. सून घरात येण्यापूर्वी येऊन गेलेला, हातापायांची कातडी सोलणारा जुना ताप त्याच वर्षी खोऱ्यात परतला. पाळण्यात सुनेची लेक फणफणू लागली. सुनेने स्नान केले, देवाला स्मरून पोथी उघडली. पान पांढरे. तिने तीनशे पाने उलटली. साऱ्या पोथीत एक काना नव्हता, एक मात्रा नव्हती.

ती ग्रंथकाराच्या दारी गेली.

"शास्त्रीबुवा, शाईला माझ्या हाताची ओळख करून द्या. लेक तापाने जळते आहे."

"पोथी तुझ्या सासऱ्यांना दिली होती, मुली. तुला नव्हे."

"मामंजी गेले."

"मग पोथीही गेली. आज तुला उघडून दिली, तर उद्या अवघे खोरे दारात उभे राहील."

"राहीलच. ताप अवघ्या खोऱ्याला आहे."

त्याने दार लावून घेतले.

सून परतली, आणि पूर्वी त्याच तापातून वैद्याने उठवलेल्या माणसांच्या घरोघर गेली. मेंढपाळाला मुळीचे नाव आठवत होते, तेलिणीला प्रमाण. पाणी किती आटवायचे ते एका अंध म्हातारीने अक्षरशः म्हणून दाखवले. ती म्हणाली, "मला अक्षर कधी दिसलेच नाही, बाई. म्हणून ऐकलेले मी टाकले नाही."

काढा सिद्ध झाला. तिसऱ्या दिवशी लेकीने डोळे उघडले. मग घरोघरच्या चुलीवर तो उकळू लागला.

पुढे ताप ग्रंथकाराच्या घरी पोचला. कोणी बोलावले नसता सून वाटी घेऊन गेली. तिने त्याला काढा पाजला, आणि तो वाचला. पण त्याच्या तळहातांची कातडी पार सोलून गेली होती; रेषा कायमच्या पुसल्या होत्या.

उठून बसता येताच त्याने आपली आवडती पोथी मागितली. सुनेने ती त्याच्या हाती दिली. पान पांढरे. त्याने पहिल्या पानावर तळहात दाबून धरला. शाई उमटली नाही. मग एकामागून एक त्याने चाळीस पोथ्या उघडल्या. सून भिंतीला टेकून पाहत राहिली. परमेश्वराचा न्याय इतका नि:शब्द असतो, हे तिला ठाऊक नव्हते.

ग्रंथकार त्यानंतर वीस वर्षे जगला. स्वतः लिहिलेली एकही ओळ त्याला पुन्हा वाचता आली नाही.

विद्या कोंडून ठेवणारा अखेर स्वतःच तिला मुकतो.