पान एकतिसावरची ओळ

“पण बाई, पुस्तिका वाचतं कोण?”

सुमेधनं हे दारातच विचारलं. पाठीवरची सॅकसुद्धा अजून उतरवली नव्हती.

ताम्हाणेबाई जमिनीवर मांडी घालून जुन्या वह्या शिवत बसल्या होत्या. एका हातात दाभण, दुसऱ्या हातात दोरा.

“आधी पाणी पी,” त्या म्हणाल्या.

बाई तंत्रनिकेतनात शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि भोरला येऊन राहिल्या. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ज्या खिडक्या उघडतात, त्यांतल्या कुणी पुढं यायचं, कुणी मागं सरायचं, कुणी शेजारी बसायचं, एवढंच तो पाहतो. त्याचं नाव ओसरी. बाई तो फुकट वाटतात. कुणी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवरही तो चालतो, म्हणून खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांत तो आहे.

सुमेध गवई पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. दीड महिना खपून त्यानं ओसरीसाठी नऊशे ओळींचा एक नवा भाग लिहिला होता. तो ओसरीत जावा, ओसरीच्या कर्त्यांच्या यादीत आपलं नाव लागावं, यासाठी त्यानं बाईंना तीन पत्रं पाठवली होती.

बाईंचं उत्तर एका ओळीचं आलं. ‘तुझं काम पाहीन. आधी पुस्तिकेची मांडणी साफ कर.’

तुझा नवा भाग काय करतो, हे त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

म्हणून शुक्रवारी सकाळची पहिली एसटी पकडून तो आला होता. भांडायलाच.

“चाळीस पानं आहेत, बाई. काही मथळे ठळक आहेत, काही नाहीत. कुठं तीन ओळी मोकळ्या सोडल्यात, कुठं एकही नाही. गबाळी आहे, मान्य. पण हे काम कुणीही करेल.”

“कुणीही म्हणजे कोण?”

“म्हणजे... यंत्रसुद्धा.”

“मग यंत्राला सांग.”

भांडणाची एवढी तयारी करून सुमेध आला होता...

तो खिडकीजवळ बसला. तासाभरात त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पुस्तिकेवर सोडला. सगळे मथळे ठळक झाले. सगळ्या मोकळ्या जागा सारख्या झाल्या. ओळी एका मापाच्या झाल्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

“सात सेकंद!” तो म्हणाला.

“छान. वाचलीस?”

“बघितली.”

बाईंनी चाळीस पानं छापली, शिवली, पिशवीत घातली आणि पायांत चपला सरकवल्या.

“आता माझं काम बघता?”

“उद्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जेधेकाकू आल्या. गावचं वाचनालय त्या चालवतात. त्यांच्याकडं दोन जुने कॉम्प्युटर आहेत आणि दोन्हींवर ओसरी आहे. हातात कालचीच पुस्तिका होती.

“बाई, ही करामत कुणाची?”

“या सुमेधची. पुण्याहून आलाय.”

“अस्सं. मग साहेबांनाच विचारते.” काकूंनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “‘काम संपलं की घरच्या फोल्डरातल्या एकत्र दाबून ओसरीतून बाहेर पडावं.’”

सुमेधनं मान वर केली.

“तर साहेब, घरी माझ्याकडं फोल्डर दोन. एकात रेशनकार्ड, दुसऱ्यात आमच्या ह्यांचे एक्स-रे. दोन्ही एकत्र दाबले. चांगली वर बसले म्हणा ना. ओसरी काही बाहेर सोडेना.”

बाईंचा दोरा थांबला होता. मान खाली होती, खांदे हलत होते.

“काकू, सरळ स्विच बंद करायचा ना,” सुमेध म्हणाला.

“आणि दिवसभराच्या नोंदी गेल्या म्हणजे? तुम्ही येणार लिहायला?” काकूंनी चष्मा काढला. “माझं तोंडपाठ आहे, म्हणून निभावलं. पण सोमवारी ही नवी पुस्तिका सोळा वाचनालयांत जाणार. त्या लोकांनी कुणाचे एक्स-रे दाबायचे?”

सुमेध पडद्याकडं वळला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

चूक सापडायला दोन मिनिटं लागली.

ओसरीची पुस्तिका जुन्या पद्धतीनं लिहिलेली आहे. मूळ मजकुरात एखादी ओळ टिंबानं सुरू झाली, तर ती मजकूर नसते, हुकूम असतो. ठळक कर. जागा सोड. नवा परिच्छेद घे. हुकूम पाळला जातो, ओळ छापली जात नाही. आणि हुकूम कळलाच नाही, तर ती ओळ कुणाला न सांगता गाळली जाते.

ओसरीच्या सगळ्या आवडीनिवडी कॉम्प्युटरमधल्या घरच्या फोल्डरातल्या ज्या फाइलमध्ये लिहायच्या, तिचं नावच टिंबानं सुरू होतं. ‘.ओसरी’. एरवी हे नाव ओळीच्या मध्ये कुठंतरी असायचं. सुमेधच्या प्रोग्रॅमनं ओळी एका मापाच्या करताना ते नेमकं एका ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं. अख्खी ओळ गायब. बाहेर पडायची तीन बटणंही तिच्याबरोबर गेली.

“एक टिंब!” सुमेध म्हणाला. “बस्स, एक टिंब होतं, काकू. केलं दुरुस्त. माझा प्रोग्रॅम आता असं पुन्हा करणारच नाही.”

“तुझा प्रोग्रॅम करणार नाही,” बाई म्हणाल्या.

“मग आणखी कोण करेल?”

बाईंनी दोरा दातानं तोडला.

काकूंनी हात पुढं केला. “द्या मग नवी छापून. तुमच्या शब्दावर घेऊन जाते.”

सुमेधनं छापायचं बटण दाबायला बोट उचललं.

बोट तसंच राहिलं...

“नको,” तो म्हणाला. “थांबा. मी... मी वाचली नाहीये.”

“मग आता?” काकूंनी विचारलं.

“वाचतो. सोमवारच्या आत.”

“हां, हे माणसासारखं बोललात,” काकू म्हणाल्या. “दुपारी आमच्याकडं जेवायला या. वाचनालयाच्या मागंच घर आहे. उपाशीपोटी वाचलेलं डोक्यात राहत नाही.”

डावीकडं मूळ मजकूर. उजवीकडं छापलेलं पान. दोन्हींवर एकेक बोट. अशी एकेक ओळ.

पहिला तास तो चिडलेला होता. जीभ सारखी टाळ्याला लावून च्यक् च्यक् करत होता.

पान सहावर त्याचा आवाज बंद झाला.

पान नऊवर तो मोठ्यानं म्हणाला, “अरे, हे असंही होतं?”

डावखुऱ्या माणसासाठी सगळा पडदा उलटा मांडायची सोय होती तिथं. सुमेध डावखुरा होता. दोन वर्षं ओसरी वापरत होता.

पान चौदावर तो नुसताच हसला. बाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, “काय झालं?”

“तुम्ही लिहिलंय, ‘खिडकी हट्टानं मागं जात नसेल तर तिला दोनदा सांगावं.’”

“मग? दोनदाच सांगावं लागतं.”

दुपारी तो काकूंकडं पिठलं-भाकरी खाऊन आला. येताना वाचनालयात डोकावला, तर काकू दुपारच्या पाळीसाठी कॉम्प्युटर सुरू करत होत्या. चार खिडक्या उघडल्या. एकेक ओढून जागेवर लावली. देवघेव डावीकडं, वर्गणीदार उजवीकडं, पुस्तकांची यादी खाली, पत्रव्यवहार कोपऱ्यात. रोज दोनदा. मग शेजारच्या कॉम्प्युटरवर पुन्हा तेच.

“कशाला बघताय?” काकू म्हणाल्या. “बायकांची कामं अशीच. आवरलेलं पुन्हा आवरायचं.”

सुमेध धावतच बाईंच्या घरी आला आणि पुढचं पान उघडलं.

रविवारी दहाच्या सुमारास तो ओरडला.

“बाई! इकडं या. नाही, पळत या!”

“सत्तरीच्या बाईला पळायला सांगतोस?” बाई म्हणाल्या. पण पळत आल्या.

पान एकतीस. सुमेधचं डावं बोट मूळ मजकुरावर होतं. तिथं एक ओळ होती.

‘.ओसरी या फाइलमध्ये जागा एवढा एकच शब्द लिहिला, की खिडक्या आदल्या वेळी जिथं ठेवल्या होत्या, तिथंच पुन्हा उघडतात.’

त्याचं उजवं बोट छापील पानावर होतं. वर एक परिच्छेद होता. खाली एक परिच्छेद होता. मध्ये काहीच नव्हतं.

“ही माझ्या प्रोग्रॅमनं गाळली नाही,” सुमेध म्हणाला. त्याला दम लागला होता. “मी तुमच्या जुन्या छापील प्रती काढून पाहिल्या. सगळ्या. ही ओळ कुठंच नाही. कधीच छापलेली नाही!”

बाईंनी चष्मा सारखा केला. ओळ वाचली. पुन्हा वाचली.

“ही मी लिहिली,” त्या हळू म्हणाल्या. “एकोणीस वर्षं झाली. मे महिन्याची सुट्टी होती. पंधरा दिवस बसले होते हे जमवायला. आणि वाक्याची सुरुवातच फाइलच्या नावानं केली... टिंबानं...”

“मग नंतर?”

“नंतर वाट पाहिली. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. कुणाचं पत्र नाही, तक्रार नाही. म्हटलं, लोकांना नको असेल. मग मीही विसरले.”

“नको असेल?” सुमेध ताडकन उभा राहिला. “बाई, काकू रोज चार खिडक्या दोनदा हातानं लावतात! दोन कॉम्प्युटरवर! सोळा गावांत सगळे लावतात! सगळ्यांना हेच हवंय! मी तर दीड महिना...”

तो थांबला.

“काय दीड महिना?”

“माझ्या नऊशे ओळी,” सुमेध म्हणाला. “त्या हेच करतात.”

...

बाई त्याच्या तोंडाकडं पाहत राहिल्या.

सुमेधही स्वतःचीच वाट पाहत होता. आता आपल्याला वाईट वाटणार, असं त्याला वाटलं. पण पोटातून काहीतरी वर आलं, ते भलतंच होतं. तो हसायला लागला. भिंतीला टेकून, पोट धरून हसायला लागला.

“नऊशे ओळी, बाई! आणि तुमचा एक शब्द!”

“आणि तोही गिळलेला!” बाईंनाही हसू आवरेना.

“पण अजून चालतं का?” सुमेधनं डोळे पुसले.

“मला काय ठाऊक? लिहून बघ.”

त्यानं .ओसरी उघडली. एक शब्द लिहिला. चार खिडक्या काढून वाटेल तशा वेड्यावाकड्या टाकल्या, एक तर अर्धी पडद्याबाहेर. कंट्रोल, शिफ्ट, बॅकस्पेस एकत्र दाबून ओसरीतून बाहेर पडला. पुन्हा आत आला.

पडदा कोरा होता.

मग पहिली खिडकी डावीकडं येऊन बसली. दुसरी उजवीकडं. तिसरी तिच्याखाली दबून. आणि चौथी अर्धी पडद्याबाहेर लोंबकळत.

बाईंनी टाळी वाजवली. मग दुसरी वाजवली. मग थांबल्याच नाहीत.

सुमेधनं नऊशे ओळींची फाइल शोधली आणि पुसून टाकली. मग एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याच्या सुरुवातीला दोन शब्द घातले, ‘घरच्या फोल्डरातल्या’. टिंब ओळीच्या आत गेलं.

पान एकतीस छापून बाहेर आलं, कोमट होतं. दोघांनी ते एकाच वेळी वाचलं. ओळ कागदावर होती.

उरलेली नऊ पानं दुपारपर्यंत झाली. आणखी कुठं टिंब निघालं नाही. सुमेधनं प्रत्येक ओळ वाचली होती, म्हणून आता कुणी ‘वाचलीस?’ असं विचारलं असतं, तर तो हो म्हणू शकला असता.

बाई शिवायला बसल्या. सोळा प्रतींची चवड समोर होती. शेवटचं पान त्यांनी अजून छापलं नव्हतं. त्यावर ओसरीतली कोणती सोय कुणी केली, त्याची यादी होती.

“लिही,” बाई म्हणाल्या. “जागा. आणि पुढं तुझं नाव.”

“माझं? माझ्या ओळी तर मी पुसल्या, बाई. आत्ताच, तुमच्यासमोर.”

“पाहिलं मी. लिही.”

“असं कसं लिहू? ते काम तुमचं आहे. पंधरा दिवस तुम्ही बसला होता. ते वाक्यसुद्धा तुमचं.”

बाईंनी दाभणात दोरा ओवला. कागदांची चवड मांडीवर घेतली, कडा ठोकून सारख्या केल्या.

“माझं कुठलं?” त्या म्हणाल्या. “मी नुसतं लिहिलं होतं.”