करकोच्याच्या कंठातला शब्द

एका राज्यात वेशीवर कुणी मागे वळून पाहत नसे.

राणी वारली तेव्हा राजा सुवर्चसाला दुःख सोसवेना. त्याच्या हुकमाने कृकल मांत्रिकाने प्रजेच्या ओठांतून एकच शब्द काढून घेतला : हुरहुरून. शब्द गेला, तसे हुरहुरून पाहणेही गेले. मग कुणी रडेना. पण गेलेला परतेना. गाई रानातच राहिल्या. युवराज तुंगार शिकारीला गेला आणि परमुलखात नांगर धरून राहिला. राजाने विचारलेसुद्धा नाही.

राजकन्या शाल्मलीला भावाची आठवण येत नव्हती. नुसता राग येत होता, की रोज त्याचे ताट वाढले जाते आणि कुणी जेवत नाही. तो रागच तिला कृकलाच्या बुरुजावर घेऊन गेला.

"तुझ्या बापानेच मागितले. मी सुख दिले," कृकल म्हणाला.

"मग ते तूच भोग. मला शब्द दे."

शब्द एका करकोच्याच्या कंठात होता आणि करकोचा रुपेरी साखळीत.

"साखळी सोडलीस, तर तो शब्द घेऊन उडेल," कृकल हसला.

करकोचा म्हणाला, "तीनदा उसना देईन. शोभेल तिथे वापर, तुझा होईल. चुकलीस, तर दगड होशील."

"भुकेला पंगतीकडे हुरहुरून पाहतो," शाल्मली म्हणाली.

"ती हाव. ताट मिळताच संपते."

तिचे पाय दगड झाले.

"बंदिवान दाराकडे हुरहुरून पाहतो."

"ती आशा. दार उघडताच संपते."

ती कमरेपर्यंत दगड झाली. तेव्हा तिला साखळीखालची जखम दिसली. उत्तर शोधायचे सोडून तिने कडी काढली.

"आधी तू जा."

करकोचा उडाला. त्याच्याबरोबर भाऊ परतायची वाटही गेली. त्याने थांबावे असे तिला वाटत होते. पण हाक मारावी असे वाटत नव्हते.

वरून करकोच्याचा आवाज आला, "काय करतेस?"

"मीच सोडलेल्या पाखराकडे," ती म्हणाली, "हुरहुरून पाहते आहे."

दगड गळून पडला. बुरूज कृकलासह उन्हात विरला आणि ती अलगद जमिनीवर उतरली. राजवाड्यात राजाने राणीच्या रित्या आसनावर हात ठेवला आणि तो रडला. गाई वासरांकडे धावल्या. परमुलखात तुंगाराने बैल थांबवले आणि मागे वळून पाहिले.

तो पोचला तेव्हा ताट वाढलेले होते.

"गार झालं असेल, दादा," शाल्मली म्हणाली.

भाऊ जेवत होता. ती दारातून आभाळाकडे पाहत होती. कशी, ते आता त्या राज्यात कुणीही सांगितले असते.