तुळसाच्या तापातला आवाज

“माई, पाणी जरा थांबवाल का? माझा एक प्रश्न राहिलाय.”

अच्युत दार अडवून उभा होता. त्याच्या मागे, बंद खोलीत, सगुणाची लहानगी तुळसा गोधडीखाली तापाने फणफणली होती.

माई उंबऱ्याबाहेर थांबल्या. वैशाखातली भर दुपार होती. वस्तीत कुत्रंसुद्धा हलत नव्हतं.

“कुणाला विचारायचाय?”

अच्युतने फक्त मागे वळून पोरीकडे पाहिलं…

पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवणं सोडून तो माईंच्या मठात आला होता. माणूस मेल्यावर काय उरतं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. वादात तो कधी हरला नव्हता. माई वादच घालत नसत. त्यांच्याजवळ उत्तर नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या सकाळी सगुणा रडत मठात आली. नवरा कामासाठी परगावी, पोर तापलेली, दवाखाना नदीपलीकडे. उन्हातून पोरीला नेण्याची सोय नव्हती. माईंनी सगुणाला नावेने दवाखान्यातल्या सिस्टरला आणायला पाठवलं आणि अच्युतला तिच्या घरी बसवलं. अंगावर जाड पांघरूण नको, कोमट पाण्याने अंग पुसत राहा, घोट घोट पाणी पाज, मी मठातलं आटोपून दुपारपर्यंत येते, असं सांगितलं.

थोडा वेळ त्याने ते केलंही. मग तुळसा बोलू लागली.

तापात पोरं बरळतात, हे त्याला ठाऊक होतं. पण हा आवाज सावकाश होता, थकलेला होता. मोठ्या माणसाचा होता.

“तुझ्या मागे बाई उभी आहे. तिच्या कानाची पाळी तुटलीय.”

अच्युतची आई तो लहान असतानाच गेली होती. तिच्या कानाची पाळी तुटलेली होती. या मुलखात त्याने हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्याने मागे पाहिलं. नुसती भिंत होती.

मग तो विचारत गेला आणि आवाज सांगत गेला. मध्येच पोरीने पाणी मागितलं. त्याने पाजलं, कपाळ पुसलं, तसा आवाज विझला आणि तुळसा आपल्या बोबड्या बोलीत आईसाठी रडू लागली. काही वेळाने अंग पुन्हा तापलं. आवाज परत आला.

हे त्याच्या लक्षात आलं. त्यानंतर त्याने पाणी दिलं नाही. खिडकी लावून घेतली. पोर कापू लागली तेव्हा कोपऱ्यातली गोधडी आणून तिच्या अंगावर घातली. तिला थंडी वाजत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

उंबऱ्यात उभं राहून त्याने हे सगळं माईंना हळू आवाजात सांगितलं. काही लपवलं नाही.

“आणखी एकच उत्तर, माई. मग जन्मात काही विचारणार नाही.”

माईंनी त्याला हाताने बाजूला केलं आणि आत गेल्या.

कपाळावरची पट्टी वाळून कडक झाली होती. ओठांना चिरा पडल्या होत्या. माईंनी गोधडी काढली, खिडकी उघडली, फडकं भिजवून पोरीची मान पुसली, काखा पुसल्या, तळवे पुसले. मग वाटीत पाणी आणि चमचा घेऊन उशाशी बसल्या.

तुळसाने डोळे उघडले. ती माईंकडे पाहत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती.

“सरजे,” आवाज म्हणाला, “किती म्हातारी झालीस गं…”

माईंचा हात थांबला.

ते नाव अच्युतने कधी ऐकलं नव्हतं. मठात कुणीच ऐकलं नव्हतं. पण माईंच्या चेहऱ्याकडे पाहून ते कुणाचं आहे, हे त्याला कळलं.

“मागे वळ, सरजे. एकदाच. मी इथेच उभा आहे.”

खोलीत कुणाचा तरी चौथा श्वास चालू आहे, असं अच्युतला वाटलं, आणि त्याने स्वतःचा रोखून धरला.

माईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी चमचा तुळसाच्या ओठांना लावला.

“पी, बाळ.”

आवाजाने पुन्हा हाक मारली. माईंनी पुन्हा चमचा भरला. हाक येई, तसं पाणी जाई. असं बराच वेळ चाललं. शेवटी पोरीचे नुसते ओठ हलू लागले, शब्द उमटेना…

मग तुळसाने अंथरूण ओलं केलं आणि ती बारीक सुरात कुरकुरू लागली. तिला आई हवी होती.

उन्हं कलल्यावर सगुणा सिस्टरला घेऊन आली. सिस्टरने ताप मोजला, औषध पाजलं. पोर आणखी थोडा वेळ कोरडी राहिली असती तर हाती लागली नसती, असं म्हणाली. पाणी कुणी पाजलं, असंही तिने विचारलं.

“आम्ही दोघांनी,” माई म्हणाल्या.

अच्युतला मान वर करता आली नाही.

मठाकडे परतताना तो मागे मागे चालत होता. नदी दिसू लागली तेव्हा त्याने विचारलं, “ज्याने हाक मारली… तो तुमच्या ओळखीचा होता?”

“होता.”

“मग एकदाही वळून पाहिलं नाहीत…?”

माई थांबल्या नाहीत.

“त्याला तहान लागली नव्हती.”