इटुकली मुंगी आणि पिंपाखालचा तीळ

एक होतं बेट.
चारी बाजूंनी निळा निळा समुद्र. मध्ये बेट. बेटाचं नाव सिसिली.
बेटावर एक शहर. शहराचं नाव पालेर्मो.
शहरात एक बाजार. बाजारावर लाल कापडाचं छप्पर. छपराखाली लाल टोमॅटो, जांभळी वांगी, केशरी संत्री.
आणि नुसता आरडाओरडा. "या या, इकडे या." "घ्या घ्या, गोड गोड घ्या."

त्या बाजारात, एका भिंतीच्या फटीत, एक मुंगी राहायची. एवढीशी.
तिचं नाव इटुकली.

एकदा काय झालं, इटुकलीला एक तीळ मिळाला.
अगाता मावशी पाव भाजायची. पावावर तीळ लावायची. पाव उचलला की तीळ खाली सांडायचे.
इटुकलीने सगळे तीळ बघितले. हा नको. तो नको. हा बारीक. तो करपलेला.
मग एक छान टपोरा तीळ तिने निवडला. डोक्यावर घेतला.
घरी बाळमुंग्या भुकेल्या होत्या. त्यांच्यासाठी तीळ.
इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

तेवढ्यात एक मोठा बूट आला. थाड.
इटुकली बाजूला झाली. तीळ उडाला.
टिण. टिण. टिण.
दगडात एक छोटा खळगा होता. त्यात जाऊन पडला.
आणि तेवढ्यात कुणीतरी एक मोठं पिंप गडगडत आणलं. बरोब्बर त्या खळग्यावर ठेवलं.
धम्.

पिंप होतं तोतो काकांचं.
तोतो काका ऑलिव्ह विकायचे. ऑलिव्ह म्हणजे बोराएवढं फळ. मिठाच्या पाण्यात मुरवायचं, लोणच्यासारखं. पिंपभर हिरवी ऑलिव्ह. पिंप जड. फार जड.

इटुकली पिंपापाशी गेली. ढकललं. पिंप हललं नाही.
पुन्हा ढकललं. पिंप हललं नाही.
"बरं," इटुकली म्हणाली. "मग सांगावं लागेल."

ती तोतो काकांच्या बुटावर चढली. गुडघ्यावर चढली. म्हणाली,
"तोतो काका, तोतो काका, पिंप हलवा.
पिंप हललं की तीळ मिळेल.
तीळ माझा आहे. मी तो नेणारच."

तोतो काका स्टुलावर बसले होते. पोटावर हात ठेवून.
"पिंप हलवू? अगं, सकाळपासून पोटात काही नाही. मला स्वतःलाच हलवत नाही. अगाता मावशीने पाव दिला, तर हलवीन. नाहीतर नाही."
"आणि नंतर हलवलं तर?"
"नंतर काय? दुपारी बाजार उठतो. बेप्पे येतो पाण्याची नळी घेऊन. सगळा रस्ता धुतो. पाणी फटीफटीत शिरतं. तुझा तीळ जाईल वाहून समुद्रात."
"नाही जाणार," इटुकली म्हणाली. आणि निघाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

अगाता मावशीच्या दुकानात गरम गरम वास.
इटुकली फळीवर चढली. म्हणाली,
"अगाता मावशी, अगाता मावशी, पाव दे.
पाव मिळाला की तोतो काका पिंप हलवतील.
पिंप हललं की तीळ मिळेल.
तीळ माझा आहे. मी तो नेणारच."

अगाता मावशी हसली. हाताला सगळं पीठ.
"एका तिळासाठी एवढं? इथे बघ, किती सांडलेत. घे दुसरा."
"नको. तो मी निवडलाय. मी उचललाय. तोच नेणार."
"बाई गं. ठाम आहेस." मावशीने कमरेवर हात ठेवले. "पण तोतोला नुसता पाव देणार नाही. काल दिला, तर म्हणाला, मी काय कबूतर आहे? नीनो मामाने वडी दिली, तर पावात घालून देईन. नाहीतर नाही."
"बरं," इटुकली म्हणाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

नीनो मामाची कढई मोठी. तेल म्हणतंय चुर्र चुर्र.
नीनो मामा बेसन शिजवायचा. थापायचा. कापायचा. तळायचा. पातळ पातळ, सोनेरी वड्या.
इटुकली जरा लांबच थांबली. कढई गरम ना. तिथूनच म्हणाली,
"नीनो मामा, नीनो मामा, वडी दे.
वडी मिळाली की अगाता मावशी पाव देईल.
पाव मिळाला की तोतो काका पिंप हलवतील.
पिंप हललं की तीळ मिळेल.
तीळ माझा आहे. मी तो नेणारच."

नीनो मामाने झारा वर केला.
"वडी तयार आहे. पण लिंबू कुठाय? लिंबू पिळल्याशिवाय माझी वडी कढईपासून हलत नाही. वर गच्चीत पीना आजी राहते. तिच्याकडे लिंबाचं झाड आहे. आजीने लिंबू दिलं, तर वडी देईन. नाहीतर नाही."
"तूच का नाही आणत?"
"आणि कढई कोण बघणार? तू?"
"नाही," इटुकली म्हणाली. "मी लिंबू बघते."

लांब कुठेतरी पाण्याचा आवाज आला.
सर्र. सर्र.
बेप्पे दादाने नळी सुरू केली होती. रस्त्याच्या अगदी वरच्या टोकाला.

इटुकली भिंतीवर चढली. पहिली खिडकी. दुसरी खिडकी. तिसरी खिडकी.
तुरुतुरु तुरुतुरु.

गच्चीत पीना आजी खुर्चीत बसली होती. कठड्यापाशी एक टोपली. टोपलीला लांब दोरी.
पीना आजी जिने उतरत नसे. काही हवं असलं की टोपली खाली सोडायची. काही द्यायचं असलं की टोपली खाली सोडायची.
इटुकली कठड्यावर उभी राहिली. म्हणाली,
"पीना आजी, पीना आजी, लिंबू दे.
लिंबू मिळालं की नीनो मामा वडी देईल.
वडी मिळाली की अगाता मावशी पाव देईल.
पाव मिळाला की तोतो काका पिंप हलवतील.
पिंप हललं की तीळ मिळेल.
तीळ माझा आहे. मी तो नेणारच."

"श्शू," आजी म्हणाली. "हळू बोल. टोपलीत बघ कोण आहे."
टोपलीत मांजर होती. मिमी मांजर. गोल गोल झोपलेली.
"लिंबं आहेत गं भरपूर," आजी म्हणाली. "पण टोपली अडलीय. झोपलेल्याला मी उठवत नाही. मिमी आपण होऊन उठली, तर लिंबू सोडीन. नाहीतर नाही."
"बरं," इटुकली म्हणाली. "मी विचारते."

ती टोपलीवर चढली. मिमीच्या कानापाशी गेली. म्हणाली,
"मिमी मांजरी, मिमी मांजरी, ऊठ.
मिमी उठली की पीना आजी लिंबू देईल.
लिंबू मिळालं की नीनो मामा वडी देईल.
वडी मिळाली की अगाता मावशी पाव देईल.
पाव मिळाला की तोतो काका पिंप हलवतील.
पिंप हललं की तीळ मिळेल.
तीळ माझा आहे. मी तो नेणारच."

मिमीने एक डोळा उघडला. एकच.
"कानात गुदगुल्या करू नकोस."
"ऊठ मग."
"उठले असते. पण टोपली उबदार आहे. चीचो दादाने मासा दिला, तर उठेन. नाहीतर नाही."
आणि तो एक डोळाही मिटला.

सर्र. सर्र. सर्र.
पाणी संत्र्यांच्या दुकानापर्यंत आलं.

इटुकली भिंत उतरली. तिसरी खिडकी. दुसरी खिडकी. पहिली खिडकी.
तुरुतुरु तुरुतुरु.

चीचो दादा मासे विकायचा. बर्फावर मासेच मासे. छोटे चांदीसारखे मासे. आणि मध्ये एक भला मोठा तलवारमासा. त्याचं नाक लांब, टोकदार, थेट आकाशाकडे.
बाकी सगळीकडे गर्दी. इथे कोणीच नाही.
इटुकली बर्फाच्या कडेला थांबली. पाय गार गार. म्हणाली,
"चीचो दादा, चीचो दादा, मासा दे.
मासा मिळाला की मिमी उठेल.
मिमी उठली की पीना आजी लिंबू देईल.
लिंबू मिळालं की नीनो मामा वडी देईल.
वडी मिळाली की अगाता मावशी पाव देईल.
पाव मिळाला की तोतो काका पिंप हलवतील.
पिंप हललं की तीळ मिळेल.
तीळ माझा आहे. मी तो नेणारच."

चीचो दादा खाली वाकला. अगदी हळू, अगदी बारीक आवाजात बोलला. असा.
"माझा आवाज बसलाय."
"काय?"
"आवाज बसलाय. आरोळी देता येत नाही. आरोळी नाही, तर गिऱ्हाईक नाही. मासे तसेच पडलेत. माझ्यासाठी कुणी आरोळी दिली, तर मासा देईन. नाहीतर नाही."

इटुकलीने इकडे बघितलं. टोमॅटोवाला स्वतःसाठी ओरडत होता.
तिकडे बघितलं. वांगीवाली स्वतःसाठी ओरडत होती.
"मी देते," इटुकली म्हणाली.
"तू?"
"हो. मी."
चीचो दादाला हसू आलं. पण त्याचा आवाज बसला होता ना. नुसतं पोट हललं.

इटुकली तलवारमाशाच्या नाकावर चढली. अगदी टोकावर. छाती भरून ओरडली,
"मासे घ्या, मासे."
कुणालाच ऐकू आलं नाही.
एक माशी तेवढी वळली. तिला मासे नको होते.

"बरं," इटुकली म्हणाली. "इथून नाही. दुसरीकडून."
तिने सगळं नीट बघितलं. बर्फ. माशांची पाटी. तराजू. आणि तराजूमागे एक मोठा शंख. समुद्रातून आलेला. आत वळणं वळणं.
इटुकली शंखात शिरली. एक वळण. दुसरं वळण. अगदी आत. काळोख.
तिथे ती थांबली. छाती भरून घेतली. आणि ओरडली,
"मासे घ्या, मासे. समुद्रातले मासे. आत्ता आलेले मासे."

आवाज शंखात फिरला. एक वळण. दुसरं वळण. मोठा झाला. आणखी मोठा झाला. बाहेर आला.
भूंऽऽऽ.
मासेऽऽऽ घ्याऽऽऽ मासेऽऽऽ.

टोमॅटोवाला गप्प. वांगीवाली गप्प. सगळा बाजार गप्प.
मग सगळे वळले.
"कुणाचे मासे?"
"चीचोचे. ऐकलं नाही का?"
"मला द्या."
"मला आधी."
पाटी बघता बघता रिकामी होऊ लागली.

चीचो दादाने एक छोटा चांदीसारखा मासा उचलला. वर फेकला. सुईं.
मासा गच्चीत पडला. टप्.
मिमीने एक डोळा उघडला. दुसरा डोळा उघडला. मिमी उठली.
टोपली मोकळी झाली. पीना आजीने त्यात लिंबू ठेवलं. दोरी सोडली. सरसर सरसर.
नीनो मामाने लिंबू घेतलं. वडीवर पिळलं. पिच्च. वडी दिली.
अगाता मावशीने पाव कापला. आत वडी घातली. पाव दिला.
तोतो काकांनी पाव खाल्ला. मचमच मचमच.

सर्र. सर्र. सर्र. सर्र.
पाणी शेजारच्या दुकानापर्यंत आलं.

इटुकली शंखातून निघून पिंपापाशी पोचली होती. "काका, लवकर."
"शेवटचा घास," तोतो काका तोंड भरून म्हणाले.
त्यांनी घास गिळला. हात पुसले. पिंपाला खांदा लावला.
हुश्श. हुश्श.
पिंप हललं. घर्रर्र.

खळग्यात तीळ होता. टपोरा. कोरडा.
इटुकलीने तीळ उचलला. डोक्यावर घेतला. वळली.
समोर रस्ता. रस्त्यापलीकडे भिंत. भिंतीत घर.
आणि रस्त्यात बेप्पे दादा. हातात नळी. सर्र. सर्र.

"बेप्पे," तोतो काका म्हणाले, "नळी वर कर."
"का?"
"मुंगी चाललीय."
बेप्पे दादाने खाली बघितलं. त्याला काही दिसलं नाही. तो आणखी वाकला. मग दिसली.
"किती वेळ लागेल हिला?"
"लागेल तेवढा."
बेप्पे दादाने नळी वर केली. पाणी आकाशात उडालं आणि लांब पडलं.

अगाता मावशी दारात आली. नीनो मामाने झारा खाली ठेवला. पीना आजी कठड्यावरून वाकली. मिमी तिच्या शेजारी. चीचो दादा मासे तोलायचं थांबला.
कुणी पाऊल टाकलं नाही.
एवढा मोठा बाजार. एवढीशी मुंगी.
तुरुतुरु तुरुतुरु.
एक दगड. आणखी एक दगड.
तुरुतुरु तुरुतुरु.
भिंत आली. फट आली.
आतून बाळमुंग्यांनी विचारलं, "आणला?"
"आणला," इटुकली म्हणाली, आणि आत गेली.

मग बेप्पे दादाने नळी खाली केली. सर्र. सर्र. सर्र.
बाजार धुतला गेला, तीळ घरी गेला, आणि आपली गोष्टही आपल्या घरी गेली.