काळोबाचा चुना

फार वर्षांपूर्वी, आपल्या किनाऱ्याला दीपस्तंभ नव्हता तेव्हा, कांदळवेल गावात मथुराबाय राहायची. शिंपले भाजून चुना करायचा, हा तिचा धंदा. चुन्यानं हात कायम फुटलेले, पण बाई मोठी हसतमुख.

गावासमोर समुद्रात एक सुळका उभा आहे, माडापेक्षा उंच. त्याला काळोबा म्हणतात. तो गावाचा देव, आणि खलाशांना धाकही त्याचाच. आभाळ भरून आलं की काळा खडक काळ्या पाण्यात दिसायचा नाही, आणि परतणारी होडी त्याच्यावर फुटायची. मथुराबायचा भाऊ असाच गेला होता.

एका कार्तिकात भरदुपारी अंधारून आलं. सात होड्या समुद्रात होत्या, त्यांतल्या एकीत तिचा नवरा सोमा. भट्टीपाशी जत्रेसाठी देवळाचा चुना कालवून तयार होता. तिनं तोच हंडा डोक्यावर घेतला आणि ओहोटीच्या वाळूतून सुळक्याकडे निघाली.

वाटेत गावचे मानकरी, गावकर, आडवे आले. चुना देवळाचा, आणि कौल लावून देवाला विचारल्याशिवाय तो त्याच्या अंगाला फासायचा म्हणजे काय? देव कोपेल, त्याला सगळं दिसतं, असं त्यांनी बजावलं.

"देवाक सगळा दिसता, गावकरानू," ती म्हणाली, "पण देव आमका दिसाक नको काय?"

 एवढं बोलून बाई त्यांच्या बाजूनं निघाली आणि सुळक्याला भिडलीही. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तिचे पाय चिरले. वर चढून ती कुंचा फिरवत राहिली. असं म्हणतात, भरतीची वेळ टळून गेली तरी तिचं काम होईपर्यंत पाणी पुढे सरलं नाही. हंड्यातला चुनाही संपला नाही. सांजेला पांढरा काळोबा कोसभरावरून दिसला आणि साती होड्या त्याला वळसा घालून आल्या. सोमाला बघून ती तिथंच वाळूत बसून रडली, मग पोटभर हसली.

त्या वर्षी देऊळ बिनचुन्याचंच राहिलं. पुढच्या वर्षी शिंपल्यांची पहिली पाटी गावकरांनी स्वतः तिच्या भट्टीवर आणून ओतली.

आजही कांदळवेलात जत्रेआधी पहिला चुना काळोबाला लागतो, मग देवळाला, मग घरांना. तो बायकाच लावतात. या गावात साधी विहीर खणायची तरी कौल लावतात, पण या चुन्यासाठी कुणी लावत नाही. कुणी विचारलंच तर बायका म्हणतात, "मथुराबायन इचारून ठेवलेला हा."