दमयंतीचं अर्धं उत्तर

चांदीचे पैंजण घडवणारं एक गाव होतं. तिथल्या बायकांनी मिळून पैंजणांचा संघ काढला होता. कुणी कड्या जोडायची, कुणी घुंगरू बसवायची, कुणी पॉलिश करायची. नक्षी मात्र दमयंती काढायची, तीही कॉम्प्युटरवर. नऊ वर्षं ती एकटीच ते काम करत होती. काही अडलं की "दमयंतीला बोलवा" म्हणायची सगळ्यांना सवय झाली होती, आणि ते ऐकायची दमयंतीला.

मग संघात अश्लेषा आली. वय बावीस. शहरात डिझाइनचा कोर्स केलेली. संघानं तिच्यासाठी नवं, मोठं मशीन घेतलं. त्यात ग्राफिक्स कार्ड होतं, त्यामुळे पैंजण पडद्यावर खरा असल्यासारखा चमकायचा आणि सगळ्या बाजूंनी फिरवून बघता यायचा. दमयंतीच्या जुन्या मशीनला ते झेपत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात संघाच्या प्रमुख वेणूमावशी अश्लेषाच्या टेबलाशी आल्या. पडद्यावर आंब्याच्या पानाची नक्षी फिरत होती. मावशींनी बोट पुढं केलं आणि पडद्यावरच्या घुंगराला लावून बघितलं.

"आगं बया, हे तर आता वाजंल!" त्या म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. दमयंतीही हसली. पण नऊ वर्षांत तिच्या नक्षीला कुणी असं बोट लावून बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिचं लक्ष स्वतःच्या कामात राहिलंच नाही. चहाचा कप आधी कुणाच्या टेबलावर ठेवतात, ते ती बघायची. दोघी-तिघी कुजबुजल्या की आपल्याबद्दलच बोलतात असं तिला वाटायचं. अश्लेषाच्या माउसचा टिकटिक आवाजसुद्धा तिला टोचायचा. वाईट म्हणजे, अश्लेषा मुलगी चांगली होती. तिच्यात खोट सापडली असती तर दमयंतीला जरा तरी बरं वाटलं असतं.

अशात हैदराबादच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा निरोप आला. शेठ बुधवारी अकरा वाजता येणार होते. नवे नमुने बघून तिथल्या तिथं पसंती करणार होते. पसंत पडलं तर संघाच्या चौदा बायकांना वर्षभर काम. नाही पडलं तर शेठ शेजारच्या गावाला जाणार, आणि बायकांना दुसऱ्यांच्या कारखान्यात हात पसरावे लागणार. अश्लेषानं नऊ नमुने तयार केले. ते सगळे तिच्या मशीनमध्येच होते.

मंगळवारी दुपारी ती दमयंतीकडे आली.

"दमयंतीताई, एक विचारू? स्क्रीनवर सारखं येतंय, कर्नेलची नवी आवृत्ती आलीय म्हणून. करून टाकू का अपडेट?"

त्यांच्या कॉम्प्युटरवर मशीन चालवणारी लिनक्स नावाची यंत्रणा होती. कर्नेल म्हणजे त्या सगळ्या यंत्रणेचा गाभा. आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर म्हणजे गाभ्याची आणि पडद्याची गाठ घालून देणारी कडी. ती कडी जुन्या गाभ्याच्या मापानं घडवलेली असते. गाभा बदलला तर कडीही नव्या मापानं पुन्हा घडवावी लागते. नाहीतर मशीन चालू होतं, पण पडदा काळाच राहतो.

हे दमयंतीला पक्कं माहीत होतं. चार वर्षांपूर्वी तिच्या मशीनमध्येही तसलंच एक, पण कमी ताकदीचं, कार्ड होतं. तेव्हा हीच चूक करून ती तीन दिवस काळ्या पडद्यासमोर बसली होती, रडली होती, आणि शोधून शोधून उपाय काढला होता.

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती ओठांपर्यंत आलीही. पण मग मनात आलं, मला कोणी सांगितलं होतं?

"कर की," दमयंती म्हणाली. "त्यात काय विचारायचं?"

"थँक्यू ताई! तुम्ही आहात म्हणून बरंय."

अश्लेषा गेली. दमयंती स्वतःला समजावू लागली. मी खोटं कुठं बोलले? अपडेट करायचंच असतं. रात्री जेवतानाही ती तेच घोळवत राहिली. उद्या मशीन पुन्हा चालू केलं की पडदा काळा होईल, मग म्हणतील, दमयंतीला बोलवा. मी जाईन आणि दुरुस्त करून देईन. कुणाचं काही नुकसान नाही.

बुधवारी सकाळी नऊ वाजता तसंच झालं.

"दमयंतीताई! लवकर या!"

अश्लेषाचा चेहरा पांढरा पडला होता. पडदा काळा होता. बाकीच्या बायका भोवती जमल्या होत्या. दमयंती ऐटीत खुर्चीवर बसली, तिनं कीबोर्डवर हात ठेवला, आणि त्याच क्षणी तिला दचकून कळलं की आपण फसलो. हे आत्ता झटकन दुरुस्त केलं, तर अश्लेषा नक्की विचारणार, ताई, तुम्हाला माहीत होतं? मग काल का नाही सांगितलंत? जितक्या लवकर पडदा उजळेल, तितक्याच लवकर तिचं पाप उजेडात येणार होतं.

तिनं उगाच दोन-चार बटणं दाबली.

"मला काही कळत नाही गं," ती म्हणाली. नऊ वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं.

"तुलाच कळंना म्हंजे संपलंच की," वेणूमावशी म्हणाल्या.

अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून दमयंतीला बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं, याची तिला भीतीच वाटली.

थोड्या वेळानं अश्लेषानं डोळे पुसले. "नमुने गेले, असंच समजू या मावशी. माझ्याकडे पेनड्राइव्ह आहे, त्यावरून सगळी यंत्रणा नव्यानं टाकते. अकरापर्यंत दोन-तीन तरी आठवून काढते. चूक माझी आहे. शेठना मी सांगेन."

"तुझी कशी? तू इचारलं नव्हतंस का कुणाला?"

"विचारलं होतं. ताई म्हणाल्या, कर. पण करताना माझंच काहीतरी चुकलं असणार."

तिनं पेनड्राइव्ह लावला. त्याच्यावरून मशीन चालू झालं, आणि साध्या अक्षरांत प्रश्न आला, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? अश्लेषाचं बोट बटणाकडे गेलं.

"थांब!"

दमयंती इतक्या जोरात ओरडली की सगळ्या दचकल्या. मागे कुणाच्या तरी हातातलं ताट पडलं आणि शेकडो घुंगरं फरशीवर पसरली.

"काही गेलेलं नाही," दमयंती म्हणाली. "सगळं आत आहे. सरक."

तिनं पेनड्राइव्ह काढला. मशीन पुन्हा चालू केलं. सुरुवातीला एक बटण दाबून धरलं, तशी पडद्यावर यादी आली. जुना गाभा तिथं तसाच होता. तो निवडल्याबरोबर पडदा उजळला आणि नऊच्या नऊ नमुने दिसले. मग तिनं नव्या गाभ्यासाठी ड्रायव्हर पुन्हा बांधायला लावला. अक्षरांच्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या. पुन्हा मशीन चालू केलं, या वेळी नव्या गाभ्यावर. आंब्याचं पान फिरू लागलं. सगळ्याला वीस मिनिटं लागली.

एकही बाई टाळी वाजवायला पुढे आली नाही.

"ताई," अश्लेषानं हळूच विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटं बोलायला अजून जागा होती. आत्ताच सुचलं, म्हटलं असतं तर चाललं असतं. पण दमयंतीच्या अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं.

"काल तू विचारलंस तेव्हाच. त्याच्याही आधीपासून."

वेणूमावशींनी तिच्याकडे बघितलं, आणि वाकून घुंगरं गोळा करायला लागल्या. बाकीच्याही वाकल्या. दमयंतीही बसली, पण ती जिथं हात घाली, तिथली बाई जरा बाजूला सरके.

शेठ आले. त्यांनी नऊतले चार नमुने पसंत केले. चौदा बायकांचं वर्षाचं काम ठरलं. दमयंतीला कुणी काढलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. चहाही वेळेवर तिच्या टेबलावर येत राहिला.

अश्लेषाही पूर्वीसारखीच अडलं की विचारायला येते. दमयंती आता तिला सगळं सांगते, शेवटच्या बारकाव्यापर्यंत सांगते. काही लपवत नाही. पण उत्तर ऐकून झालं तरी अश्लेषा लगेच जात नाही. क्षणभर टेबलाशी उभी राहते, आणि अगदी आदरानं विचारते, "अजून काही, ताई?"

तात्पर्य: मत्सरापोटी जो अर्धं सांगून अर्धं गिळतो, त्याच्या पुढच्या पूर्ण उत्तरावरही कुणाचा पूर्ण विश्वास बसत नाही.